लघुकोन आणि ढाळ

“बाई, ढाळ दिलाय की व्यवस्थित. अजून किती द्यायचा?”

गवंडी वैतागला होता, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं फारसं चुकत नव्हतं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत जिन्याच्या तोंडाशी तीन पायऱ्या आहेत. गेल्या वर्षी ह्यांना पक्षाघात झाला, घरात व्हीलचेअर आली, आणि बऱ्याच अर्ज-विनंत्यांनंतर त्या पायऱ्यांशेजारी एकदाचा रॅम्प झाला. पहिल्याच संध्याकाळी मी हौसेने ह्यांना खाली घेऊन निघाले, तर खुर्ची माझ्या हातातून सुटायलाच आली. वॉचमनने धावत येऊन पुढून धरली म्हणून निभावलं. परत येताना दोघांनी मिळून ढकलली. तक्रार केली, तर कमिटीतले एक जण म्हणाले, “थोडासाच तर कोन आहे, बाई!”

हा “थोडासा कोन” माझ्या डोक्यातून जाईना. मी शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला, गणित माझा प्रांत नव्हे. पण लघुकोन, काटकोन, विशालकोन हे त्रिकूट कोणाला चुकलंय? शून्याहून मोठा आणि नव्वद अंशांहून लहान तो लघुकोन. म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी जमिनीशी पंचाहत्तर अंशांचा कोन करते तोही लघुकोन, आणि न्हाणीघराच्या फरशीचा अर्धा अंश तोही लघुकोनच. पुस्तकाने दोघांना एकाच वर्गात बसवलंय. अगदी निजलेल्या, जमिनीला जवळजवळ चिकटलेल्या कोनासाठी पुस्तकात वेगळा शब्द नाही.

तो शब्द आहे गवंड्याकडे. ढाळ! (ह्या शब्दाचा पोटाशी संबंधित दुसरा अर्थ आठवून आमचा नातू अजून हसतोय.) गंमत बघा, आपण अश्रू ढाळतो, तेही खालीच वाहतात. पाणी आपणहून वाहून जावं, पण माणसाला पायाखाली कळूही नये, इतका तो कल. गच्चीला दहा फुटांमागे इंच-सव्वा इंच, म्हणजे साधारण शंभराला एक. हे मोजायला कोनमापक निरुपयोगी. कंपासपेटीतल्या त्या अर्धवर्तुळावर अर्धा अंश दिसणार कुठे? म्हणून गवंडी अंश मोजतच नाही. तो पाणसळ लावतो, लांबी धरतो आणि त्या लांबीत उंची किती उतरली ते बघतो.

रेल्वेचीही हीच रीत. कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या बोरघाटात चढ आहे ३७ ला १. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. अंशांत सांगायचं तर जेमतेम दीड. दीड अंश म्हटलं की वाटतं, एवढासा तो काय! पण त्या दीड अंशासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. वर्गात घाटाबद्दल शिकवताना मी “तीव्र उतार”, “मंद उतार” असं फळ्यावर लिहीत असे. आज वाटतं, ३७ ला १ हा आकडा सांगितला असता तर मुलांना घाट जास्त समजला असता.

व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये आकडा आहे १२ ला १, फार तर इतकाच चढ. अंशांत पावणेपाच. आमच्या तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे उंची दीड फूट. बाराने गुणा, रॅम्प हवा अठरा फुटांचा. आमचा आहे सहा फुटांचा. म्हणजे ४ ला १, चौदा अंशांच्या आसपास. गवंड्याने ढाळ दिला होता हे खरं, पण त्याला लांबीच सहा फूट आखून दिली होती, त्यात तो बिचारा दुसरं काय करणार?

अशीच अडचण मोठ्या मापात अंधेरीत सगळ्या मुंबईने पाहिली. तिथला जुना गोखले पूल पाडून नवा बांधताना रेल्वेच्या नियमांमुळे त्याची उंची वाढली. २६ फेब्रुवारी २०२४ ला पुलाची एक बाजू सुरू झाली, तेव्हा त्याला जोडणारा बर्फीवाला उड्डाणपूल दीड-दोन मीटर खालीच राहिला होता. लोकांनी भरपूर चेष्टा केली. पण एवढी उंची थोडक्या लांबीत भरून काढली असती तर तो रस्ता राहिला नसता, घसरगुंडी झाली असती. अखेर व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने बर्फीवाला पुलाचा भाग जॅकने उचलला, गोखलेकडचं टोक जास्त आणि दुसरं कमी, आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडले गेले. उंची बदलली की लांबीचा हिशेब नव्याने करावा लागतो, एवढीच ती गोष्ट.

माझं म्हणणंही एवढंच आहे. कोन जितका लहान हवा तितकी जागा मोठी लागते, आणि आपल्या उपनगरांत भांडण कोनाचं नसतंच, जागेचं असतं. अठरा फूट म्हणजे एका गाडीचं पार्किंग. ते कोणी सोडायचं, हा खरा प्रश्न. “थोडासाच कोन आहे” म्हटलं की तो प्रश्न विचारायचा राहून जातो. आणि जागा सरळ रेषेतच हवी असंही नाही. नऊ फूट जाऊन, मध्ये सपाट जागा सोडून, वळून परत नऊ फूट येता येतं. मी कागदावर तसं काढून कमिटीला दिलंय.

ज्यांच्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे अशा नातेवाईकांना आणि मित्रमंडळींना एक विनंती. नकाशात “रॅम्प” हा शब्द दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. उंची किती आणि लांबी किती, हे दोन आकडे विचारा आणि करारात लिहून घ्या. नव्या इमारतीत तुम्ही राहायला जाल तेव्हा तुमचे गुडघे आजचे नसतील.

आमच्या रॅम्पचा विषय येत्या सभेत आहे. तोवर हे गॅलरीत बसून खालची वर्दळ बघतात. काल विचारत होते, “अठरा फूट मिळाले का?” म्हटलं, अजून नाही, पण आता मागताना आकडा सांगून मागते आहे.