अभ्यास करा, पण गावाला सांगून

पन्हाळा तालुक्यातले कोडोली हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे जुने ठाणे. जवळच जोतिबाचा डोंगर. चैत्र यात्रेत तिथे सासनकाठ्या, म्हणजे सजवलेल्या उंच बांबूच्या काठ्या, नाचतात, गुलालात माणूस ओळखू येत नाही. ख्रिस्ती सेवेसाठी लोकसंस्कृतीचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांनी ही यात्रा ग्रंथालयात बसून नव्हे, काठीचा दोर धरून तोल सांभाळणाऱ्यांकडून समजून घ्यावी. परंपरा अशी आतून समजून घेण्याची वाट जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली ओवीत आले. रेव्हरंड टिळकांनी कीर्तन-अभंग जवळ केले. दोघांनीही आधी मराठी परंपरा मनापासून आत्मसात केली. मात्र अभ्यासाचा हेतू लपवून केलेली यात्रेची नोंद हा गावाचा विश्वासघात आहे. धर्मशास्त्र महाविद्यालयांनी अशा अभ्यासाचे प्रबंध मराठीत लिहून घ्यावेत आणि एक प्रत त्या गावच्या वाचनालयात द्यावी.