काखेतला काळेपणा आणि बाटलीतले अ‍ॅसिड

आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याच्या मुलीचे लग्न ठरले. बिनबाह्यांचा ब्लाउज शिवायला टाकला आणि पोरीला काखेतल्या काळेपणाची लाज वाटू लागली. मैत्रिणीने चेहऱ्याला लावायच्या ग्लायकोलिक अ‍ॅसिडची बाटली दिली. सकाळी ब्लेडने केस काढले, रात्री अ‍ॅसिड लावले. चुरचुरले, तेव्हा पोरीला वाटले, औषध लागू पडतेय. दुसऱ्या दिवशी हात खाली घेता येईना. खपली निघाली आणि कातडी होती त्याहून काळी झाली.

भगिनींनो, असे का झाले ते समजून घ्या. ग्लायकोलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक ही अ‍ॅसिडे कातडीच्या वरच्या मेलेल्या थराची पकड सैल करतात. काख, जांघ, मान येथे कातडी नाजूक असते. घाम आणि घासणे असतेच. तिथे अ‍ॅसिड जास्त मुरते. आपल्या सावळ्या कातडीला भाजले की त्या जागी डाग उरतो. म्हणजे उजळायला गेलो आणि काळे करून बसलो. चुरचुर ही गुणाची खूण नव्हे, धोक्याची आहे.

वापरायचेच असेल तर एवढे पाळा. सौम्य घ्या, लॅक्टिक ५ टक्के पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस वाट पाहा. नंतर आठवड्यातून एकदाच, कोरड्या कातडीवर, पातळ हात. केस काढल्यावर दोन-तीन दिवस लावू नका. जखम, पुरळ असेल तिथे आणि गुप्तांगावर कधीच नको. मानेला लावले तर उन्हात पदर घ्या. आग झाली तर भरपूर साध्या पाण्याने धुवा, वर व्हॅसलीन लावा. फोड आले तर डॉक्टर गाठा. गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. लहान मुलांना तर लावूच नये. लिंबू आणि खायचा सोडा चोळणे हाही घरगुती उपाय नव्हे, तोही भाजतो.

आणखी एक. मान आणि काखेची कातडी जाड, मखमलीसारखी काळी होत असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेहाची ती आगाऊ सूचना असू शकते. जांघेत कडा उठलेले, खाजणारे चट्टे असतील तर तो बहुधा नायटा असतो. त्याला अ‍ॅसिड नको आणि दुकानदाराने दिलेले स्टेरॉईडचे मलमही नको. सरकारी दवाखान्यात दाखवा. घट्ट कपडे, रोजचा वस्तरा आणि घासणे कमी केले, तर बराचसा काळेपणा आपोआप ओसरतो.

त्या पोरीने शेवटी बाह्यांचाच ब्लाउज घातला. लग्न झाले, कुणी काखेकडे पाहिले नाही. आयाबायांनो, आपल्या लेकींना एवढे सांगा, की सावळी कातडी हा रोग नाही. रोगावर इलाज करावा, रंगावर नव्हे.