गायरान गावाचे, वीज कंत्राटदाराची?

सहकाराने वीज चालविता येत नाही, हा सिद्धान्त महाराष्ट्रात आता जवळजवळ सर्वमान्य झाला आहे. त्याचा पुरावा म्हणून श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज संस्थेचे नाव पुढे केले जाते. या पुराव्याची उलटतपासणी सहसा होत नाही. हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याने ती आज केली पाहिजे. कारण श्रीरामपुरात निघालेल्या निकालाच्या आधारे त्याच्या शिवारातील विजेची मालकी ठरविली जात आहे.

१९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि देशात प्रयोग म्हणून पाच वीज संस्था निघाल्या. मुळा-प्रवरा त्यांपैकी एक. वीज मंडळाकडून ठोक दराने वीज घ्यावी आणि सभासदांना पुरवावी, अशी योजना होती. थकबाकीचा डोंगर साचला. महावितरणच्या हिशेबाने तो दोन हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. जानेवारी २०११ अखेर परवाना संपला आणि वितरण महावितरणकडे गेले.

हे अपयश खरे आहे, पण ते नेमके कशाचे? खरेदीचा दर संस्थेच्या हाती नव्हता, विक्रीचा दरही नव्हता. मंडळ ठाणे-पुण्याच्या कारखान्यांकडून चढा दर घेऊन शेतीपंपाची तूट भरून काढीत असे. पंपांनीच भरलेल्या तालुक्यांतल्या संस्थेला तो आधार कोठून मिळणार? त्यात पंपांना मीटर नाही, अश्वशक्तीवर आकारणी. गळती, चोरी आणि शेतीचा खरा वापर एकाच आकड्याखाली झाकता येऊ लागला. ज्याला आपण किती वीज विकली हेच ठाऊक नाही, तो कोणताही व्यापार बुडवील, मग मालक सहकार असो की सरकार.

दुसरे कारण अधिक कडू आहे. संस्थेची सूत्रे साखर कारखानदारीच्या सत्ताकेंद्रातच राहिली. ज्याला मते मागायची आहेत तो वसुलीसाठी तार तोडीत नाही. सभासद नावाचा मालक उरला आणि वागणुकीने आश्रित बनला. हा दोष सहकाराचा नव्हे, सहकाराच्या नावाने चाललेल्या सरंजामशाहीचा आहे.

त्याच पिढीतील हुक्केरीची संस्था बेळगाव जिल्ह्यात आणि सिरसिल्ल्याची तेलंगणात आजही वीज पुरविते. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेत १९३५ नंतर शेतकऱ्यांच्या संस्थांनीच खेड्यांत तारा नेल्या, कारण खाजगी कंपन्यांना ते परवडत नव्हते. तेथे आज सुमारे नऊशे वीज संस्था आहेत. उलट खाजगी कौशल्याचे काय झाले? औरंगाबाद शहराचे वितरण २०११ साली एका कंपनीकडे दिले. २०१४ साली ते महावितरणला परत घ्यावे लागले. तेव्हा ‘खाजगीकरण अपयशी’ असा सिद्धान्त कोणी मांडला नाही.

आता हिंगोलीकडे वळू. येलदरी धरणावर २२.५ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. तरी पाळीची वीज रात्री येते म्हणून हळदीला पाणी देण्यासाठी अंधारात शेतात जाणे या भागातील शेतकऱ्याला चुकले नाही. म्हणूनच २०२३ साली जाहीर झालेल्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ने दिलेले दिवसाच्या विजेचे आश्वासन स्वागतार्ह आहे. परंतु रचना पाहावी : सरकारी जमीन नाममात्र भाड्याने, खरेदीचा करार पंचवीस वर्षांचा आणि प्रकल्पाचा मालक निविदा जिंकणारा कंत्राटदार. ऊन गावाचे, गायरान गावाचे, उत्पन्न मात्र बाहेरचे. गायरानावर शेळ्या चारणाऱ्या आणि तेथेच पोटापुरते पेरणाऱ्या भूमिहीन दलित कुटुंबाला यात कोणते स्थान आहे, हे कोणी सांगत नाही.

दुसरा मार्ग बंद नाही. केंद्राच्या कुसुम योजनेच्या ‘अ’ विभागात सहकारी संस्था, ग्रामपंचायती आणि शेतकरी उत्पादक संस्था यांना दोन मेगावॉटपर्यंतचे प्रकल्प उभारता येतात. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावी मूठभर शेतकऱ्यांनी २०१६ साली सौर पंपांची सहकारी मंडळी चालू केली आणि उरलेली वीज वीज कंपनीला विकली. येथे विक्रीचा दर कराराने बांधलेला असतो, सरकारी ठोक खरेदीवर अवलंबून राहावे लागत नाही. मुळा-प्रवरेचा पहिला रोग येथे नाही.

दुसरा रोग मात्र येऊ शकतो, आणि मराठवाड्यातील सहकाराचा अनुभव पाहता तो येणार नाही असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणून अटी आधीच ठरल्या पाहिजेत. संस्था एका उपकेंद्रापुरती लहान असावी. प्रत्येक रोहित्रावर मीटर असावा. व्यवस्थापक संचालकांचा नातलग नसावा. हिशेब आणि संचालकांसह सर्वांची थकबाकी दरवर्षी ग्रामसभेत वाचली जावी. गायरानावर जगणाऱ्या भूमिहीनांना, पंप नसला तरी, भाग आणि मत मिळावे. भागभांडवल हाच खरा अडसर आहे. तेथे कंत्राटदारास मिळते तसे कर्ज आणि अनुदान संस्थेस मिळावे, ही मागणी पक्षाने लावून धरली पाहिजे.

गायरान देण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमतच्या कार्यकर्त्यांनी तेथे हजर असले पाहिजे. प्रकल्पाचा मालक कोण, पंचवीस वर्षांचे उत्पन्न कोणाचे आणि गायरानावर आज जगणाऱ्यांचे पुढे काय, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत ठरावावर हात वर करू नये.