फ्रायरचे रिसेट बटण

चांदूर बाजारसारख्या गावात दुकान आणि घर यांमध्ये पुष्कळदा एका भिंतीचेच अंतर असते. आलूबोंडा-कचोरीचे दुकान मुलगा-सून चालवतात आणि गल्ल्यावर आजोबा बसतात. कढईच्या जागी आता कोठे कोठे विजेवरचा फ्रायर आला आहे. ज्येष्ठांच्या या सदरात यंत्राचा विषय घेण्याचे कारण एवढेच की, त्याच्या सर्वांत जवळ दिवसभर बसणारी व्यक्ती बहुधा घरातली सर्वांत वयस्क असते. (तळलेले किती खावे, हा वाद पुढे कधीतरी!)

तळण साधारणपणे १६० ते १९० अंश सेल्सिअसला होते. हे तापमान थर्मोस्टॅट राखतो. तो बिघडून तेल तापतच राहिले, तर साधारण २३० अंशांच्या आसपास सुरक्षा-कटआउट वीज तोडतो. मग यंत्राच्या मागे वा खाली असलेले रिसेट बटण दाबावे लागते. तेल निवल्यावर ते एकदा दाबणे ठीक. परंतु त्याच दिवशी कटआउट पुन्हा पडला, तर यंत्र बंद ठेवावे. टाकीत तेल कमी असेल, संवेदक नळीवर जळका गाळ बसला असेल किंवा थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू चिकटले असतील. अशा वेळी कटआउटच्या दोन तारा थेट जोडून ‘आजचा बाजार काढून देणारे’ कारागीर भेटतात. त्यांना नम्रपणे, पण ठामपणे नकार द्यावा. तो शेवटचा पहारेकरी हटला की तेल आधी धुरावते आणि तापतच राहिले तर ज्वालेवाचूनही पेट घेते. वृद्धांचे घ्राणेंद्रिय मंदावलेले असते; धुराचा पहिला वास त्यांना येईलच, असे गृहीत धरू नये.

उलट तक्रारही येते: तेल तापत नाही, भजी तेल पितात. येथे दोष नेहमी यंत्राचा नसतो. २३० व्होल्टला ३००० वॉट देणारा हीटर १८० व्होल्टला जेमतेम १८४० वॉट देतो. सायंकाळी दाब उतरला म्हणून कुणी थर्मोस्टॅटचा खटका शेवटपर्यंत फिरवतो, रात्री दाब पूर्ववत होतो आणि खटका तेथेच राहतो. दाब कमी असेल तेव्हा घाणा लहान टाकावा. खटका फिरवू नये.

यंत्राला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग सदोष समजावे. यंत्राला पुन्हा न शिवता मुख्य स्विच बंद करावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. धुतल्यानंतर सुरू करताच संरक्षक स्विच पडत असेल, तर जोडणीच्या पेटीत ओल गेली असण्याचा संभव असतो. तो पुन्हा पुन्हा वर करू नये.

आजोबांची खुर्ची तेल काढण्याच्या तोटीपासून दूर, दाराच्या बाजूस असावी. मधुमेहाने पावलांची संवेदना गेली असेल, तर सांडलेले गरम तेल उशिरा जाणवते आणि उतारवयातील पातळ त्वचा खोलवर भाजते. भाजल्यास अंगठी-बांगड्या त्वरित काढाव्यात, भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. हळद, टूथपेस्ट, बर्फ लावू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. तेल पेटल्यास मात्र पाण्याचा थेंबही नको. वीज तोडावी, शक्य असेल तरच लांबून झाकण सरकवावे आणि सर्वप्रथम आजोबांना बाहेर न्यावे.