दूरदर्शन पाहावे, पण माती विसरू नये

मुलांनो, दूरदर्शनवर शेतीचे कार्यक्रम तुम्ही पाहिले असतील. 'कृषिदर्शन' हा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीत सुरू झाला. मराठीत 'आमची माती, आमची माणसं' घरोघरी माहीत झाला. २०१५ साली शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र वाहिनीही आली.

असे कार्यक्रम भाजी पिकवणाऱ्यांच्या उपयोगी पडतात का? माझ्या मते पडतात. पण तेवढ्याने भागत नाही.

रोप कसे लावावे, ठिबकची नळी कशी अंथरावी, हे डोळ्यांनी पाहिले की लगेच समजते. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही समजते. हा फायदा लहान नाही.

परंतु पडद्याला आपले शेत दिसत नाही. माझे मामू नांदेडजवळ भाजीपाला करतात. एका वर्षी पडद्यावर पाहून त्यांनी वांग्यांना रोज पाणी दिले. पडद्यावरची जमीन हलकी होती. मामूंची काळी, भारी. काळ्या मातीत ओल फार दिवस टिकते. मुळे कुजली, निम्मी रोपे गेली. बियाण्यासाठी उसने घेतलेले पैसे मात्र फेडावेच लागले.

कार्यक्रमात खोटे काही नव्हते. पुढच्या वर्षी मामूंनी शेजारच्या अनुभवी शेतकऱ्याला विचारले. त्याच्या सल्ल्याने गादीवाफे केले आणि ओल पाहूनच पाणी दिले. वांगी चांगली आली.

म्हणून कार्यक्रम जरूर पाहा, वहीत टिपून ठेवा. मग जाणत्या शेतकऱ्याला किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारा. दूरदर्शन चांगला शिक्षक आहे. पण वर्गात कोणी हात वर केला, तर त्याला दिसत नाही.