विश्लेषण: तरुण क्वार्टरबॅकला वेळ किती द्यायचा? चाहत्यांचा वाद संपत का नाही?

एका रविवारी अफलातून पास, तर पुढच्याच रविवारी चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात! असा तरुण क्वार्टरबॅक ज्या संघाकडे असतो, त्याचे चाहते दोन गटांत विभागले जातात. ‘थांबा, शिकतोय’ म्हणणारे आणि ‘बदला याला’ म्हणणारे. अमेरिकेतील ‘एनएफएल’मध्ये हा वाद जवळपास दर हंगामात रंगतो. २०१८ साली निवडलेल्या दोन खेळाडूंची वाटचाल मात्र या दोन्ही गटांना विचार करायला लावणारी आहे.

क्वार्टरबॅकवरच खापर का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. पास कुणाला द्यायचा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. पण तेवढा वेळ मिळणे हे त्याला संरक्षण देणाऱ्या फळीवर, तर पास यशस्वी होणे चेंडू झेलणाऱ्यांवरही अवलंबून असते. आकडेवारीत चूक मात्र एकाच नावापुढे लागते.

ॲलनचे काय झाले?

जॉश ॲलन २०१८च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर बफेलो बिल्सकडे आला. पहिल्या हंगामात त्याचे फक्त ५२.८ टक्के पास यशस्वी ठरले. टचडाऊन पास १०, तर प्रतिस्पर्ध्यांनी पळवलेले पास १२. जानेवारी २०२०मध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या प्लेऑफमध्ये बफेलोने १६-० अशी आघाडी घेऊनही सामना १९-२२ असा गमावला. ॲलनच्या उतावीळपणावर तेव्हा भरपूर टीका झाली.

बफेलोने मात्र मुख्य प्रशिक्षक आणि आक्रमणाचा प्रशिक्षक कायम ठेवला, संरक्षक फळी बदलली आणि २०२०मध्ये स्टीफन डिग्जसारखा झेल घेणारा आणला. त्या हंगामात ॲलनचे ६९.२ टक्के पास यशस्वी ठरले, टचडाऊन पास ३७ झाले. २०२४च्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

डार्नल्डला का सोडले?

त्याच ड्राफ्टमध्ये तिसरा निवडलेला सॅम डार्नल्ड न्यूयॉर्क जेट्सकडे होता. तीन हंगामांत त्याने दोन मुख्य प्रशिक्षक पाहिले. ऑक्टोबर २०१९मध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध त्याचे चार पास पळवले गेले आणि संघ ०-३३ असा हरला. २०२१मध्ये जेट्सने त्याला कॅरोलायनाकडे पाठवले आणि दुसऱ्या क्रमांकावर झॅक विल्सनला निवडले. तीन वर्षांनी विल्सनचीही तीच गत झाली. डार्नल्डने मात्र २०२४मध्ये मिनेसोटाला १७ पैकी १४ सामने जिंकून दिले.

मग संघ थांबत का नाहीत?

कारण घड्याळ कराराचे असते. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो. पाचव्या वर्षासाठी त्याला राखायचे की नाही, हे तिसऱ्या हंगामानंतर ठरवावे लागते. ‘हो’ म्हटले तर पुढे प्रचंड रक्कम मोजावी लागते. ॲलनचा २०२१चा करार सहा वर्षांसाठी २५.८ कोटी डॉलरचा होता. त्यामुळे चाहत्यांची घाई अगदीच अनाठायी नसते.

मग कौल द्यायचा कसा?

प्रत्येक चाचपडणाऱ्या खेळाडूत पुढचा ॲलन शोधणे फसवे आहे. इतकी सुधारणा क्वचितच दिसते आणि संयम दाखवला म्हणजे यश मिळतेच असे नाही. पण चुकांची नुसती मोजदाद करूनही उत्तर मिळत नाही. चुका त्याच त्याच होताहेत की बदलताहेत? त्याला चेंडू फेकायला वेळ मिळतो का? प्रशिक्षक टिकतात का? या प्रश्नांची उत्तरे न शोधता क्वार्टरबॅक बदलला, तर नव्या खेळाडूवरही तोच वाद सुरू होतो. जेट्सच्या चाहत्यांनी हे सलग दोनदा अनुभवले आहे.