बोर्दोची बाटली आणि आपलं सोयाबीनचं पोतं

मित्रांनो, आधीच सांगतो, हे दारूचं समर्थन नाही. पोस्ट थोडी मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

27 जानेवारी 2022 ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. कारण सांगितलं, शेतकऱ्याचा फायदा. मग वाइन म्हणजे दारू का नाही, यावर राज्यभर भांडण झालं. पण शेतकऱ्याच्या मालाची प्रत कोण ठरवतो आणि कशी, हे विचारायचं राहूनच गेलं.

फ्रान्समधल्या बोर्दोची वीस-तीस वर्षं जुनी लाल वाइन कशी तपासतात बघा. बाटली आधी उभी ठेवतात, गाळ तळाला बसू देतात, मग अलगद दुसऱ्या भांड्यात ओततात. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग बघतात. नवी असेल तर जांभळट, जुनी असेल तर विटकरी. मग वास घेतात, तंबाखूचा, वाळल्या पानांचा, चामड्याचा. मग घोट. तुरटपणा मुरला का, चव तोंडात किती टिकते? नाव बघून कोणी मार्क देऊ नये म्हणून कित्येकदा बाटली झाकून ठेवतात. निकाल लिहून काढतात. बाटलीवर साल असतं, कित्येकदा गावाचं नावही. पोइयाक, मार्गो ही शेवटी गावंच आहेत.

तिथं सगळे साधू आहेत असं नाही. 1855 ची त्यांची प्रतवारी दलालांनीच बाजारभाव बघून केली. त्यानंतर मोठा बदल एकच, 1973 ला मूतों रोत्शिल्द दुसऱ्या वर्गातून पहिल्यात गेली. पण यादी लेखी आहे. तिच्यावर भांडता तरी येतं.

आणि आपल्याकडं? खाजगी खरेदीत पोत्यात हात घालायचा, चार दाणे दाताखाली धरायचे आणि म्हणायचं, "ओलंय." झाला भाव कमी! ओलावा किती? चिठ्ठी कुठंय? हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची अट 12 टक्के, 2024 ला केंद्राने ती 15 पर्यंत सैल केली. म्हणजे दोन-तीन टक्क्यांवर आपलं वर्ष ठरतं, आणि तो आकडाच आपल्याला दिसत नाही.

कोणी म्हणेल, वाइन कुठं, सोयाबीन कुठं! बरोबर आहे. वाइनवाला दहा वर्षं थांबू शकतो, आपल्याला दिवाळीआधी विकावंच लागतं. ज्याला थांबता येत नाही, त्याला माप तरी खरं मिळायला नको का?

बीडच्या सीताफळाला 2016 ला भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात किती पेट्यांवर 'बीड' छापलेलं दिसतं, सांगा.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक खरेदीत ओलावा शेतकऱ्यासमोर यंत्रावर मोजा, आकडा चिठ्ठीवर लिहून द्या, भाव का कापला तेही लिहा. मानांकनाच्या पेटीवर जिल्ह्याचं नाव टाका. शेतकऱ्याचं नाव पुढं करून काय विकायचं ते नंतर ठरवा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण उद्या सोयाबीन घालायला गेलात की चिठ्ठी मागाच.